झेब्रा मासे आणि तक्त्यावरचा कोड

१९९४, फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. स्थळ: धुळे, आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. प्रसंग: विज्ञान प्रदर्शन.

हजर: मी, अधिव्याख्याता, वय एकेचाळीस. विभागप्रमुख सर, नव्या टायमध्ये. नाना, प्रयोगशाळेतले परिचर, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. आमची डेमॉन्स्ट्रेटर, वय चोवीस, घर भुसावळजवळ दीपनगरला. झेब्रा मासे: पट्टेवाले अकरा, फिकट चार. साडेअकरानंतर हजर: डेमॉन्स्ट्रेटरच्या होणाऱ्या सासरची तीन माणसं, शिंदखेड्याकडची. गैरहजर: वीज, नऊ ते पावणेदहा.

वीज गेली की आमच्याकडे सगळे डेमॉन्स्ट्रेटरकडे बघायचे. तिचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते. "बाबांना फोन लाव," असं सरसुद्धा म्हणायचे. ती म्हणायची, "सर, बाबा वीज तयार करतात. धुळ्यापर्यंत आणून सोडायला ते येत नाहीत."

तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर आणि कोपरावर कोड होता. बाराव्या वर्षापासूनचे पांढरे डाग. ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस कधी घालायची नाही. फळ्यावर लिहायचं झालं तर उजव्या हाताने लिहायची आणि डाव्याने डस्टर नाचवायची. दीपनगरला तीन स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती. चौथा मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याने हात बघितला आणि हो म्हटलं. त्याचे आजोबा, ज्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणत, त्यांना हो म्हणायला दोन महिने लागले. साखरपुडा पुढच्या रविवारी होता. हे सगळं तिने मला माशांची अंडी मोजताना सांगितलं आणि तिचा आकडा चुकला. चुकलेली मोजणी मी कोणाला माफ करत नाही. त्या दिवशी म्हटलं, राहू दे.

मासे आले ते माझ्या हट्टामुळे. पुण्याच्या रिफ्रेशर कोर्समध्ये एका वक्त्याने सांगितलं की आपल्या देशातल्या ओढ्यांत मिळणारा बोटाच्या पेराएवढा पट्टेवाला मासा परदेशातल्या प्रयोगशाळांत शेकड्यांनी पाळतात. त्याचं अंडं काचेसारखं असतं, आतलं पिल्लू वाढताना दिसतं आणि त्याच्या अंगावर रंग कधी, कुठे येतो ते ठिपक्या-ठिपक्याने मोजता येतं. ज्यांच्या अंगावर रंग नीट येत नाही, असे फिकट मासेही असतात, आणि माणसाच्या कातडीच्या रंगाचे आजार समजून घ्यायला ते उपयोगी पडतील. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. परत आल्यावर डेमॉन्स्ट्रेटरला वाचून दाखवलं. तिने आपली बोटं पुढे करून म्हटलं, "मॅडम, मग आपण हेच करू. इथे काय चाललंय ते मला बारा वर्षं कोणी सांगितलं नाही."

नानांना मासे धरायला पाठवलं. पांझरा नदीत जुनी मच्छरदाणी टाकून त्यांनी बादलीभर मासे आणले. एकालाही पट्टा नव्हता.

"येईल," नाना म्हणाले. "मोठे झाल्यावर येईल."

महिनाभर वाट बघितली. मासे मोठे झाले, पट्टा आला नाही, एकाला मिशा आल्या. शेवटी मी आणि डेमॉन्स्ट्रेटर जळगावला मासे विकणाऱ्या दुकानात गेलो. पट्टेवाले तिथे होतेच. एका कोपऱ्यातल्या बरणीत चार फिकट होते. दुकानदार म्हणाला ते आजारी आहेत, न्यायचे तर न्या. त्याला काय माहीत आम्ही त्या चौघांसाठीच आलो होतो. एसटीत पिशवी वरच्या दांडीला टांगली. कंडक्टरने विचारलं, "बाई, हे खायचे की बघायचे?"

"मोजायचे," मी म्हटलं.

झेब्रा माशाची एक वाईट खोड म्हणजे तो आपली अंडी आपणच खातो. त्यावर पुस्तकातला उपाय असा, की टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरायच्या, म्हणजे अंडी फटीत पडतात आणि मोठ्यांचं तोंड तिथे पोचत नाही. फिकट चौघांना वेगळ्या टाकीत ठेवलं आणि दोन्ही टाक्यांसाठी नानांनी शंभर गोट्या आणल्या. विभागाच्या साठा नोंदवहीत मी लिहिलं, 'गोट्या, काचेच्या, शंभर, प्राणिशास्त्रासाठी.' सरांनी सही करण्यापूर्वी चष्मा काढून पुसला.

हे मासे अंधार सरून उजेड झाला की अंडी घालतात. एका सकाळी नानांनी टाक्यांवरचं काळं कापड काढलं, आणि अर्ध्या तासाने ते माझ्या वर्गाच्या दारात उभे. वर्गातल्या सत्तर मुलांसमोर त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "मॅडम, पडली." मी खडू टेबलावर ठेवून निघाले. त्या दिवशी आमच्या विभागात कोणीही तास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लाचं हृदय हलताना दिसलं, तेव्हा रसायनशास्त्राचे लोकसुद्धा रांगेत लागले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला माणूस डोळा काढायलाच तयार नसायचा. सर तर "झालं, झालं" म्हणत सात मिनिटं बसले. मी घड्याळ लावलं होतं. त्याच दुपारी पट्टेवाल्यांच्या पिल्लांवर काळे ठिपके उमटू लागले. फिकटांच्या पिल्लांवर ठिपके होते, पण चहा सांडून पुसल्यासारखे. डेमॉन्स्ट्रेटर दोन काचा आलटून पालटून बघत राहिली. "मॅडम, रंग येतोय," एवढंच ती चार वेळा म्हणाली. मी चारही वेळा 'हो' म्हटलं.

मग प्रदर्शन ठरलं. माशांच्या टाकीमागे एक मोठा तक्ता लावायचा आणि आनुवंशिकता म्हणजे काय ते चार ओळींत सांगायचं असं मी ठरवलं. पाठ्यपुस्तकात 'जनुकीय संकेत' असा शब्द आहे. संकेत म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला काय कळणार? त्यापेक्षा कोड. पिन कोड सगळ्यांना माहीत असतो, पोस्टमन रोज दारात येतो. म्हणून मी 'संकेत' खोडून 'कोड' लिहिलं. डेमॉन्स्ट्रेटरच्या वळणदार अक्षरात तक्ता असा झाला:

कोड म्हणजे काय?
कोड प्रत्येक सजीवात असतो.
कोड आई-वडिलांकडून मुलांकडे जसाच्या तसा जातो.
कोड आपल्याला बदलता येत नाही.

मी तपासलं. सरांनी तपासलं. तिनेही तपासलं, अनुस्वारासकट. माझ्या कामांच्या यादीत 'तक्ता' या शब्दापुढे बरोबरची खूण आहे, ती अजून तशीच आहे. आम्हा तिघांच्याही डोक्यात तो शब्द इंग्रजीतून आला होता, आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दाला कातडी नसते.

प्रदर्शन दहाला उघडलं. पहिला आलेला गृहस्थ तक्ता वाचून बराच वेळ टाकीसमोर उभा राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "बाई, मासा पोटात घ्यायचा का?"

मी म्हटलं, "हा खायचा मासा नाही."

"म्हणजे वरून लावायचा."

मला वाटलं गृहस्थ जरा वेगळे आहेत. नंतर एक बाई आल्या, त्यांनी टाकीतलं थोडं पाणी मिळेल का असं विचारलं आणि सोबत कॅन आणला होता. नंतरच्या माणसाने सांगितलं की दक्षिणेकडे दम्यावर मासा देतात, तसा हा असणार. अकरा वाजेपर्यंत आमची रांग वनस्पतिशास्त्राच्या दारापर्यंत गेली. वनस्पतिशास्त्राकडे कोणी फिरकेना. त्यांनी ठेवलेलं मांसाहारी झाड उपाशीच होतं. सर टाय सैल करून मला म्हणाले, "लोकांना जेनेटिक्सची इतकी भूक असेल असं मला वाटलं नव्हतं."

"मलाही नाही सर," मी म्हटलं. आणि मला खरंच आनंद झाला होता.

साडेअकराला होणारा नवरा, त्याची आई, जिला सगळे अक्का म्हणत, आणि आबा आले. सुनेचं कॉलेज बघायला मुद्दाम आले होते. आबांनी फेटा बांधला होता. डेमॉन्स्ट्रेटर छडी घेऊन तक्त्याशेजारी उभी होती. आबा वाचत ते बोट फिरवून, एकेक अक्षर मोठ्याने. चारही ओळी त्यांनी अशा वाचल्या. मग तिच्याकडे वळले.

"हाई कोनी लिखं?"

"मी आबा," ती म्हणाली. अक्षराचं कौतुक होणार असं तिला वाटलं.

"बठ्ठं खरं शे?"

"बठ्ठं आबा, सगळं."

"कोड पोऱ्यासले जास?"

"जसाच्या तसा," तिने छडी तिसऱ्या ओळीवर ठेवली.

"आनि बदलत नही?"

"नाही आबा. लाखो वर्षांपासून तोच चालत आलाय."

आबा शेजारच्या स्टुलावर बसले. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मुलगा तक्त्याकडे, मग तिच्याकडे, मग माशांकडे बघत राहिला. आबा उठले आणि दाराशी मला म्हणाले, "बाई, रविवारना कार्यक्रम थांबाडा. पोर खरं बोलनी, तिले दोष नही." आणि तिघं निघून गेले.

काय झालं ते मला कळेना. डेमॉन्स्ट्रेटर छडी धरून तशीच उभी. तेवढ्यात नाना पाण्याचा जग घेऊन आले, त्यांनी तक्ता वाचला, बहुतेक पहिल्यांदाच, आणि स्वतःच्या दंडावरून हात फिरवत विचारलं, "मॅडम, हे त्या कोडाबद्दल लिहिलंय, की या कोडाबद्दल?"

डेमॉन्स्ट्रेटरने तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मग तिने हसायला सुरुवात केली. छडी खाली पडली, ती टाकीला धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "मॅडम," ती म्हणाली, "मी त्यांना लाखो वर्षं सांगितली."

मी वही काढली. यादी अशी केली: तक्ता उतरवणे, सर. परवा सकाळच्या अंड्यांच्या दोन काचा, पट्टेवाल्यांची एक, फिकटांची एक, नाना. सूक्ष्मदर्शक, मी. शिंदखेड्याच्या गाडीची वेळ विचारणे. ही शेवटची ओळ लिहीपर्यंत डेमॉन्स्ट्रेटर फाटकाबाहेर रिक्षा थांबवून उभी होती. रिक्षात आम्ही तिघं आणि सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी. नानांनी दोन्ही काचा तळहातांवर अशा धरल्या होत्या की रिक्षावाल्याने विचारलं, "पूजा कुठे आहे?"

स्टँडवर गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहाला गेलेला. आबा खिडकीशी बसले होते. आम्ही चढलो, आणि मी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. कोड दोन आहेत. तक्त्यावरचा कोड वेगळा, हातावरचा वेगळा.

"दोन प्रकारचा असतो का?" पुढच्या सीटवरच्या बाईंनी काळजीने विचारलं.

"तक्त्यावरचा म्हणजे पिन कोडसारखा," मी म्हटलं.

"पिन कोडचा काय संबंध?" मागून कोणी तरी.

"पिन कोड पोरांना जातो हे खरं आहे," दुसरा म्हणाला. "आमचा तोच आहे."

गाडी हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. "आते तू सांग. तुना हाऊ कोड. हाऊ पोऱ्यासले जास का नही?"

मी तोंड उघडलं होतं, 'नाही' म्हणायला. खऱ्यातलं एक अक्षर कमी बोलून लग्न वाचत असेल तर मी ते अक्षर गिळलं असतं. पुढच्या सीटवरची बाई कुजबुजली, "नाही म्हणून टाक पोरी."

ती दांडीला डाव्या हाताने धरून उभी होती. "जाईलच असं नाही आबा," ती म्हणाली. "बहुतेकांच्या मुलांना होत नाही. पण होणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

"लिखी देशी का?"

"नाही."

अक्कांनी पदर पुन्हा तोंडाला लावला. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कापूसनं बियानं इकाले येतस लोक. शंभरना शंभर उगतीन म्हनस, त्याले मी दारमा उभा करत नही." मग तिच्याकडे वळून, "रविवारले येतस आम्ही. अकरा वाजता."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीतल्या लोकांना तेवढं भान होतं. पण पुढच्या बाईंनी डेमॉन्स्ट्रेटरला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, डावाच हात धरून. मुलगा इतका वेळ मान खाली घालून होता. तो तिला म्हणाला, "मी येणारच होतो."

"हे मघाशी बोलायचं होतं मास्तर," ती म्हणाली. "तेव्हा फळ्याएवढा तक्ता होता ना समोर."

तेवढ्यात ड्रायव्हर आला आणि गाडी सुटली. आम्हाला उतरायचं सुचलंच नाही. मी पेटी सीटवर उघडली, सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवला, नानांनी पहिली काच ठेवली. गाडी हलत होती, त्यामुळे पिल्लू नजरेत येई आणि निसटे. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळा लावला.

"दिसनं," ते म्हणाले. आणि मग बोलायचेच थांबले. हायवेवर खड्डा आला तरी डोळा काढला नाही. अक्का म्हणाल्या, "आबा, माले दखू द्या." आबा म्हणाले, "थांब."

डेमॉन्स्ट्रेटर दुसरी काच धरून त्यांना सांगत होती. या फिकट माशात रंगाची कोठी आहे, पण दाणे कमी भरलेत. हे आई-बापाकडून येतं. फिकट आणि पट्टेवाला यांची जोडी लावली तर पिल्लं सगळी पट्टेवाली निघतात, आणि त्या पिल्लांच्या पिल्लांत पुन्हा चारांत एखादं फिकट. तिच्या स्वतःच्या हातावर तसं नाही. तिथे कोठ्या भरलेल्या होत्या, नंतर कोठ्याच गेल्या. का गेल्या ते पूर्ण अजून कोणालाच माहीत नाही.

"म्हन्जे शिकेल लोकले बी?"

"शिकलेल्यांनासुद्धा."

हे आबांना फार आवडलं. त्यांनी ते कंडक्टरलाही सांगितलं. कंडक्टरने तिकीट मारायचं सोडून डोळा लावला, आणि मग पुढून मागे अशी रांगच लागली. वाटेतल्या सोनगीरला आम्ही तिघं उतरेपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाने पिल्लाचं हृदय बघितलं होतं, एक ड्रायव्हर सोडून. त्याने आरशातून दोनदा विचारलं, "काय आहे तिथे?" आणि सगळ्यांनी एकदम सांगितलं, "तुम्ही पुढे बघा."

परतीच्या गाडीत आम्ही तिघं विनाकारण हसत होतो. नाना नुसते "पिन कोड" म्हणायचे आणि आम्ही पुन्हा सुरू. कॉलेजात पोचलो तेव्हा सर रिकाम्या भिंतीसमोर उभे होते. तक्ता उतरवल्यावर रांग संपली होती, आणि ते जरा खट्टू दिसत होते.

साखरपुडा रविवारी झाला, लग्न मे महिन्यात. पण सोनगीरला उतरताना आबांनी मला एक काम सांगितलं, ते त्याच दिवशी वहीत चढलं. गावात कोडवाली तीन-चार घरं आहेत, ते म्हणाले. लोक त्यांच्या हंड्याला शिवत नाहीत, त्यांच्या पोरींना मागणी येत नाही. "पोरनी जे सांगं, तेच लिखी द्या. कागदवर, मराठीमा. मी चावडीवर लावसू."

याला चार वर्षं झाली. डेमॉन्स्ट्रेटर दर दिवाळीला सासरहून पत्र पाठवते आणि खाली एक ओळ असते, 'आबा विचारतात, कागद कुठे आहे.' कागदाच्या पहिल्या दोन ओळी तयार आहेत: शिवल्याने होत नाही. हा कुष्ठरोग नाही. तिसरी ओळ मुलांबद्दलची. तिथे मी अडकले आहे. धीर देणारी लिहिली की ती खोटी होते, खरी लिहिली की वाचणारा 'नाहीच असं नाही' एवढंच उचलून घरी जाईल, आणि दोन्ही सांभाळून लिहिली की ती सरकारी परिपत्रकासारखी दिसते. ती गाडीत दांडीला धरून बोलली तेव्हा ऐकणाऱ्यांना तिचा चेहरा दिसत होता. चावडीवरच्या कागदाला चेहरा नसतो. सतरा खर्डे झाले आहेत, निवृत्त झालेल्या नानांना घरी जाऊन वाचून दाखवले, ते दर वेळी म्हणतात, "आधीचा बरा होता."

या आठवड्याची यादी: वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, टाकीचा पंप, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांची सफाई, आबांचा कागद, ओळ तिसरी. पहिली तीन कामं झाली.